वेदीमागचे हात

कलेचा इतिहास शिकवण्यात माझं बरंचसं आयुष्य नागपुरात गेलं. अजिंठा, मुघल, राजपूत, कंपनी शैली, रविवर्मा हा क्रम वर्गात सावकाश चाले. गोव्यातल्या चर्चमधल्या चित्रांची पाळी आली की मात्र 'पोर्तुगीज प्रभाव' एवढे दोन शब्द सांगून पुढे जायचा रिवाज होता. तो मला सलत असे. त्यामुळे सुट्ट्यांमध्ये मी जुन्या गोव्याला जाऊ लागले, पुण्यात राहिलेल्या चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांच्या कामाचा माग काढू लागले आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला, अँडीजच्या डोंगरांत, स्पॅनिश अमलाखाली रंगवल्या गेलेल्या ख्रिस्ती चित्रांवरचे ग्रंथ वाचू लागले. गोवा आणि पेरूमधलं कुस्को ही दोन ठिकाणं मला एकमेकांशेजारी दिसू लागली. दोन्हीकडे सोळाव्या शतकात युरोपी सत्ता आली, जुनी देवस्थानं पाडली गेली, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू आले आणि येशू-मरियेची चित्रं स्थानिक कारागिरांच्या हाती पडली.

या अभ्यासातून माझी एक खात्री झाली. विषय कुठूनही आलेला असो, चित्र ज्यांनी घडवलं आणि ज्यांनी त्यापुढे गुडघे टेकले, त्यांचंच ते होतं. असं चित्र कसं पाहावं, याबद्दल हाती लागलेल्या काही गोष्टी इथे मांडते आहे.

१. आधी छाप शोधा.

वेदीवरचं चित्र पाहताना पहिला प्रश्न विचारावा : याचा नमुना कुठला? बहुतेक वेळा उत्तर एकाच शहराकडे नेतं. बेल्जियममधलं अँटवर्प हे त्या काळात धार्मिक छापचित्रांचं मोठं केंद्र होतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली ही चित्रं हलकी, स्वस्त आणि गुंडाळून नेता येण्यासारखी. व्हिएरिक्स बंधूंसारख्या कोरक्यांची कामं जहाजांतून लिमालाही उतरली आणि गोव्यालाही.

१५८० साली रोदोल्फो आक्वाविवा आणि अंतोनियो मोन्सेरात हे जेझुइट गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला पोहोचले, तेव्हा त्यांनी अकबराला अँटवर्पच्या प्लांतँ छापखान्यातलं बहुभाषी बायबल भेट दिलं. त्याच्या खंडांतली कोरीव चित्रं दरबारातल्या चितेऱ्यांनी बारकाईनं पाहिली. केसू दासनं युरोपी धार्मिक छापांवरून चित्रं केली. पुढे जहांगीरचा लाडका चित्रकार झालेल्या अबुल हसननं वयाच्या तेराव्या वर्षी, १६०० च्या सुमारास, जर्मन चित्रकार ड्यूररच्या छापावरून संत योहानाचं रेखाटन केलं. ते आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे.

पेरूत तर युरोपी चित्रकारच आधी पोहोचला होता. बेर्नार्दो बित्ती हा इटालियन जेझुइट १५७५ साली लिमाला उतरला, कुस्कोपर्यंत गेला आणि १६१० साली लिमातच वारला. त्याची लांब मानेची, नाजूक बोटांची मरिया पाहून एक पिढी शिकली. त्यानंतरच्या चितेऱ्यांचे गुरू मात्र मुख्यतः छापच होते.

छाप सापडला की तो चित्राशेजारी ठेवावा आणि फरकांची यादी करावी. काय गाळलं? काय वाढवलं? कोणाचा चेहरा वळवला? चितेऱ्याचा स्वतःचा विचार त्या फरकांत सापडतो. नुसतं चित्र पाहून 'हे युरोपी वाटतं' असं म्हणणारा विद्यार्थी ही यादी केल्यावर आपणहून वेगळं बोलू लागतो, हे मी वारंवार पाहिलं आहे.

२. छापात रंग नव्हता, हे लक्षात ठेवा.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते या साध्या गोष्टीनं. अँटवर्पहून आलेला छाप काळ्या रेघांचा होता. मरियेचं वस्त्र कसं, आकाश कसं, देवदूताच्या पंखांचा रंग कोणता, हे त्या कागदावर नव्हतं. काही संकेत धर्मगुरू सांगत असतील, उरलेलं सगळं चितेऱ्यानं ठरवलं. रेघ परदेशी आणि रंग घरचा, अशी ही चित्रं आहेत.

कुस्कोत हे फार ठळक दिसतं. तिथला लाल रंग अनेकदा निवडुंगावरच्या कोचिनिल किड्यापासून काढलेला असे. त्याच किड्याच्या रंगानं अँडीजच्या विणकरांची लोकर रंगत होती. अठराव्या शतकातल्या कुस्कोच्या चित्रांत मरियेच्या झग्यावर सोन्याची वेलबुट्टी असते. ही बुट्टी वस्त्राच्या चुण्यांबरोबर वळत नाही, सपाट बसते. युरोपी नियमानं ही चूक ठरते. पण तलम विणलेल्या कापडाला सोन्याइतकाच मान देणाऱ्या समाजातल्या चितेऱ्याला कापड कापड म्हणूनच दाखवायचं होतं. चुण्यांत नक्षी हरवलेली त्याला चालणार नव्हती.

वर्गात मी एक प्रयोग करून घेत असे. मरियेच्या जुन्या छापाची काळी-पांढरी प्रत प्रत्येकाला द्यायची आणि सांगायचं, रंगवा, कुठलंही पुस्तक उघडू नका. एका मुलीनं झग्याच्या कडेला करवतकाठ काढला. विदर्भातल्या टसर साडीचे ते लाल करवती दाते तिला कोणी सुचवले नव्हते. आईच्या अंगावर पाहिलेला सणाचा काठ तिनं देवाच्या आईला दिला, इतकंच. कुस्कोची सोन्याची बुट्टी मला त्या दिवसापासून अधिक नीट समजली.

३. मनाईहुकूम वाचा, आणि तो का काढावा लागला ते विचारा.

१५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. ख्रिस्ती पूजेच्या वस्तू आणि प्रतिमा बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करून घेऊ नयेत, असं तिनं बजावलं. असे हुकूम पुढेही निघत राहिले. पहिल्यांदा वाचताना वाटतं, म्हणजे हिंदू कारागीर या कामातून बाहेर गेले. पण एकच मनाई पुन्हा पुन्हा करावी लागते, याचा अर्थ ती पाळली जात नव्हती. चांगली चांदी ठोकणारा, चांगलं लाकूड कोरणारा आणि सोन्याचा वर्ख बसवणारा माणूस गावात जो होता तोच होता. चर्चला त्याची गरज होती.

बोम जेझूच्या चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या समाधीपुढे उभं राहिलं की हे डोळ्यांना दिसतं. खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा. तोस्कानाचा ड्यूक तिसरा कोझिमो यानं तो पाठवला, शिल्पकार फोज्जिनीनं घडवला आणि १६९८ साली तो इथे बसवला गेला. त्यावरची चांदीची पेटी त्याहून साठएक वर्षांनी जुनी, १६३६-३७ मधली, गोव्याच्याच चांदीकारागिरांनी घडवलेली. प्रवासी चौथऱ्याचं कौतुक करतात, कारण त्याला नामवंत शिल्पकाराचं नाव आहे. मी विद्यार्थ्यांना आधी पेटीवरचे झेवियरच्या चरित्राचे चौकोन पाहायला लावते.

४. हिंसा झाकू नका.

या चित्रांवर प्रेम करणाऱ्याला एक मोह होतो : 'दोन संस्कृतींचा सुंदर संगम' म्हणून मोकळं व्हायचं. तो टाळायला हवा. गोव्यातल्या तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली, पुढे बारदेश आणि साष्टीतली. १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं आणि मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत राहिलं. अकबराला बायबल नेऊन देणारे आक्वाविवा १५८३ साली साष्टीतल्या कुंकळ्ळीत मारले गेले. देवळं उद्ध्वस्त झाल्यानं संतापलेल्या गावकऱ्यांनी त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना ठार केलं, आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावावर सूड उगवला. छापचित्रांच्या प्रवासाची आणि कुंकळ्ळीची गोष्ट एकाच माणसाच्या आयुष्यात गुंफलेली आहे. ती तोडून सांगू नये.

पेरूतही तसंच. सतराव्या शतकाच्या आरंभापासून तिथे 'मूर्तिपूजा उच्चाटना'च्या मोहिमा चालल्या. पूर्वजांची जपून ठेवलेली शवं जाळली गेली. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणीत गावोगावच्या माणसांना सक्तीनं राबवलं गेलं, आणि त्या चांदीतून चर्चच्या वेद्या मढल्या. १७८०-८१ साली दुसऱ्या तुपाक अमारूचं स्पॅनिश सत्तेविरुद्धचं बंड चिरडल्यावर, स्पॅनिशांआधी तिथे राज्य करणाऱ्या इंका राजांची चित्रं आणि त्यांचा पेहराव यांवरही बंदी आली. सत्तेला चित्रांची भीती वाटत होती, याची ही कबुलीच आहे.

सौंदर्य खरं आणि जुलूमही खरा. दोन्ही एकाच पानावर लिहायची सवय मी स्वतःला लावून घेतली.

५. कारागिराला गुलाम मानू नका आणि जबरदस्तीनं बंडखोरही करू नका.

पूर्वीचे अभ्यासक म्हणत, यांनी फक्त नक्कल केली. आताचे अनेकजण प्रत्येक चित्रात लपलेलं बंड शोधतात. मला दोन्ही घाईचं वाटतं.

पोतोसीच्या टांकसाळीच्या संग्रहालयात अठराव्या शतकातलं एक चित्र आहे. त्यात मरियेचा झगा म्हणजेच चांदीचा डोंगर आहे. डोंगराच्या उतारावर वाटा, माणसं, जनावरं दिसतात आणि शिखराच्या जागी तिचा चेहरा. अँडीजमध्ये डोंगर पूजनीय आणि धरणी ही पाचामामा, म्हणजे आई. कोणी म्हणतं, चितेऱ्यानं मरियेच्या आडून धरणीमातेची पूजा चालू ठेवली. कोणी म्हणतं, त्यानं डोंगराला ख्रिस्ती केलं. त्याला या दोहोंत निवड करायची गरज वाटलीच असेल, असं मला वाटत नाही. आई म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे डोंगर आला आणि त्यानं तो मनापासून रंगवला.

गोव्यातल्या काही चर्चमध्ये प्रवचनाच्या लाकडी मंचाखाली कमरेखाली नागासारख्या वळलेल्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. सतराव्या शतकातल्या गोव्याच्या हस्तिदंती मूर्तींत बालयेशू मेंढपाळाच्या वेषात, डोळे मिटून, गालाला हात टेकून डोंगरावर बसलेला असतो आणि खाली झरे, मेंढ्या, झाडं असतात. त्याची बैठक पाहून बुद्धाची आठवण होते. अशा ठिकाणी मी एवढंच म्हणते : या हातांना ध्यानस्थ देवाचा आकार ठाऊक होता.

फेलिपे ग्वामान पोमा हे नाव या संदर्भात मला फार महत्त्वाचं वाटतं. अँडीजच्या या माणसानं १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजाला उद्देशून हजाराहून अधिक पानांचं निवेदन लिहिलं आणि त्यात जवळपास चारशे चित्रं काढली. तो श्रद्धावान ख्रिस्ती होता. आणि त्याच श्रद्धेच्या जोरावर त्यानं जुलमी अधिकारी आणि लोभी धर्मगुरू यांची चित्रं काढून तक्रार केली. ते हस्तलिखित आज कोपनहेगनच्या राजग्रंथालयात आहे. श्रद्धा आणि रोष एका माणसात एकत्र नांदू शकतात, हे त्याच्याइतकं स्पष्ट कोणी दाखवलेलं नाही.

६. ताटात काय वाढलं आहे ते पाहा.

चित्रातली मोठी माणसं धर्मशास्त्रानं ठरलेली असतात. चितेऱ्याला मोकळीक मिळते ती कोपऱ्यांत, म्हणून फळं, भांडी, पक्षी, जमीन आणि पायांतली पादत्राणं पाहावीत. कुस्कोच्या कॅथीड्रलमध्ये मार्कोस सापाता यानं १७५३ साली रंगवलेलं येशूचं शेवटचं भोजन आहे. मधल्या थाळीत पाय वर करून भाजलेला कुय आहे. अँडीजच्या घरांत पाळला जाणारा आणि सणावाराला शिजवला जाणारा हा छोटा प्राणी. प्रभू शिष्यांबरोबर शेवटचं जेवला, तर सणाचंच जेवला असणार, असं सापाताच्या मनानं घेतलं.

कुस्कोच्याच सांता आना चर्चसाठी सतराव्या शतकात ख्रिस्तदेह सणाच्या मिरवणुकीची चित्रमालिका रंगवली गेली. तिच्यात इंका घराण्यातले सरदार पूर्वजांच्या वेषात, मस्तकावर लाल गोंड्यांची पट्टी बांधून मिरवणुकीच्या अग्रभागी चालतात. विषय ख्रिस्ताचा, आणि त्यातच आपण कोण आहोत हे शहराला ठणकावून सांगणारी माणसं. १६५० च्या भूकंपानं कुस्को उद्ध्वस्त झालं होतं. नव्यानं बांधलेल्या चर्चच्या मोकळ्या भिंतींनी या चितेऱ्यांना काम दिलं, आणि कामानं आत्मविश्वास. १६८८ साली तिथल्या स्थानिक चित्रकारांनी स्पॅनिश चित्रकारांच्या संघापासून फारकत घेतली. सोन्यानं झळकणारी कुस्को शैली खऱ्या अर्थानं बहरली ती त्यानंतर.

७. नाव नसलेल्या चित्रापुढे जास्त वेळ थांबा.

दिएगो किस्पे तितो, बासिलियो सांता क्रूझ पुमाकायाओ अशी काही नावं कुस्कोत उरली. गोव्यात तेवढीही नाहीत. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये वेदीच्या दोन्ही बाजूंना संताच्या चरित्राची लाकडी फळ्यांवरची चित्रं आहेत. सांता मोनिका हा जोगिणींचा मठ १६०६ साली सुरू होऊन १६२७ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या भिंतींवर रंगचित्रं आहेत. या भिंतींपुढे उभं राहिल्यावर नाव विचारायची सवय बाजूला ठेवावी लागते.

मला इथे नागपूरनं मदत केली. महालातल्या चितारओळीत गणपतीच्या आधीचे दोन महिने चक्कर मारा. मूर्तीवर कोणाची सही नसते. तरी ओळीतला जाणता माणूस डोळ्यांची आखणी पाहून सांगतो, ही अमक्याच्या घरची. एकजण माती चढवतो, दुसरा अंगाचा रंग देतो, दागिन्यांचं काम बायका करतात, डोळे घरातलं सर्वांत अनुभवी माणूस उघडतं. गोव्याच्या आणि कुस्कोच्या कार्यशाळा साधारण अशाच चालत असणार, असं चितारओळीत उभं राहिल्यावर वाटतं. अठराव्या शतकात कुस्कोत शेकड्यांनी चित्रांची कंत्राटं घेतली जात होती. ती एका हातानं पुरी होणं शक्यच नव्हतं. 'कोणी काढलं' याऐवजी 'कोणकोणत्या हातांनी काढलं' असं विचारायला लागल्यापासून निनावी चित्रं माझ्याशी बोलू लागली.

८. आपल्याच माणसांचा विरोध सोसलेला चित्रकार विसरू नका.

गोव्यातल्या सांतो एस्तेव्ह बेटावर १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका हे या सगळ्या प्रवाहाचं विसाव्या शतकातलं टोक. वैद्यकीचं शिक्षण सोडून ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. तिथल्या पाश्चात्त्य धड्यांनी समाधान होईना म्हणून शांतिनिकेतन गाठलं आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. बंगाली पद्धतीचे पाणीदार, एकावर एक चढवलेले जलरंग त्यांनी ख्रिस्ती विषयांकडे वळवले. त्यांची मरिया साडी नेसते, अनवाणी चालते, तिचा वर्ण आपल्या बायकांचा आहे. त्यांचा येशू भगव्या वस्त्रातला संन्यासी होतो.

गोव्यातल्या धर्माधिकाऱ्यांना आणि अनेक श्रद्धाळूंना हे सहन झालं नाही. पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या, निळ्या झग्यातल्या मरियेपुढे मेणबत्ती लावलेल्यांना साडीतली मरिया परकी वाटली. फोन्सेका गोवा सोडून पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम करत राहिले. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी त्यांना बळ दिलं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं (१९६२-६५) स्थानिक संस्कृतीतून श्रद्धा व्यक्त करण्याला दार उघडलं, तोवर फोन्सेकांनी तीसएक वर्षं तेच केलं होतं. १९६७ च्या डिसेंबरात पुण्यात त्यांचं निधन झालं. पुढे त्यांच्या पत्नी आयव्ही यांनी जपलेला मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे गेला.

त्यांच्या चित्रांपुढे मी एक कठीण गोष्ट शिकले. परक्यानं लादलेली प्रतिमासुद्धा चारशे वर्षांत आपली होऊन बसते, आणि मग आपलं रूपच परकं वाटू लागतं. फोन्सेकांना विरोध करणारी माणसं खोटी नव्हती. त्यांची माया ज्या रूपावर जडली होती ते रूप त्यांना सोडवेना. हे समजून घेतलं की फोन्सेकांचं धैर्य अधिक मोठं दिसतं. कुस्कोच्या सापातानं थाळीत कुय वाढला तेव्हा भोवतालचे लोक त्याच्या बाजूचे होते. फोन्सेकांनी मरियेला साडी नेसवली तेव्हा ते बरेचसे एकटे होते.

९. कोऱ्या भिंतीही वाचा.

नागपूरकडे वळल्यावर एक प्रश्न पडतो. इथे अशी चित्रं का घडली नाहीत? उत्तर या शहराच्या इतिहासात आहे. ख्रिस्ती धर्म इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दोन वाटांनी आला. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे आले. त्यांच्या परंपरेत प्रार्थनाघराच्या भिंतीवर देवाचं चित्र लावणं बसत नव्हतं. त्यांनी शाळा काढल्या, दगडांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला, गोंडांची गाणी आणि कथा टिपल्या. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावानं आलेल्या कॅथलिक मिशनच्या धर्मगुरूंना चित्रांचं वावडं नव्हतं. पण त्या काळी युरोपातून रंगीत छाप थेट येऊ लागले होते. गोव्यात आणि कुस्कोत काळा छाप चितेऱ्याला काम देत होता, इथे रंगीत छापानं चितेऱ्याची गरजच संपवली. चितारओळ याच शहरात असून तिला वेदीचं काम मिळालं नाही. जुन्या नागपुरी ख्रिस्ती घरांत भिंतीवर दिसणारं येशूच्या पवित्र हृदयाचं चित्र हे इटालियन चित्रकार बातोनीनं १७६७ साली रोममध्ये रंगवलेल्या मूळ चित्राच्या वंशातलं आहे.

मराठी ख्रिस्ती मनानं आपलं घरपण शब्दांत शोधलं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं हे मराठी काव्य, ग्वामान पोमाच्या निवेदनानंतर एखाद्या वर्षाच्या आत आलेलं. पुढे कवी नारायण वामन टिळक. ते नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका परदेशी माणसानं त्यांच्या हाती नवा करार दिला आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अभंग, भजन, कीर्तन ही आपली रूपं त्यांनी ख्रिस्तभक्तीला दिली. टिळकांवर पुस्तक लिहिणारे जॅक विन्स्लो यांनीच १९२२ साली अहमदनगरला ख्रिस्त सेवा संघ स्थापला. पुण्याला हलल्यावर त्यातूनच तो आश्रम उभा राहिला, जिथे फोन्सेकांना आसरा मिळाला. नागपूरच्या रेल्वेपासून निघालेला हा धागा पुण्याच्या जलरंगांपर्यंत पोहोचतो, हे उमगलं तेव्हा मला फार आनंद झाला. फोन्सेकांनी रंगांत जे केलं, ते टिळकांनी शब्दांत आधीच करून ठेवलं होतं.

१०. पुस्तकातून पाहा, पण माप, माध्यम आणि मागची बाजू विचारा.

कुस्कोची चित्रं मी ग्रंथांतून पाहिली, आणि त्याचा मला संकोच नाही. त्या चितेऱ्यांनीही युरोपी चित्रकार रूबेन्स छापांतूनच पाहिला होता. मात्र पुस्तक सगळी चित्रं सारख्या आकाराची करून टाकतं. म्हणून प्रत्येक चित्राखाली उंची-रुंदी वाचावी आणि ती भिंतीवर खडूनं आखून पाहावी. बोलिव्हियातल्या कालामार्काच्या चर्चमधले बंदूकधारी देवदूत पुस्तकात खेळण्यासारखे दिसतात. माप आखलं की समोर माणूस उभा राहतो.

माध्यमही विचारावं. गोव्यात लाकडी फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. वाळवी मागून पोखरते. मेणबत्तीची काजळी समोरून बसते. मग कोणीतरी भक्तिभावानं नवा रंग चढवतं आणि जुना चेहरा झाकला जातो. अशा वस्तूंसाठी १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती कलेचं संग्रहालय उघडलं. २००२ मध्ये ते सांता मोनिकात हललं. या विषयाची सुरुवात करणाऱ्यानं पहिल्यांदा तिथे जावं आणि मग शेजारची चर्च पाहावीत.

११. आपल्या घरातल्या तसबिरींपासून आरंभ करा.

विद्यार्थी विचारतात, गोव्याला जायला पैसे नाहीत, काय करू? मी सांगते, नागपुरातच सदरला, मोहननगरला किंवा जवळच्या कामठीला ज्यांच्या घरी तुमचं जाणं-येणं आहे त्यांच्याकडे जा. भिंतीवरची जुनी तसबीर कुठून आली, कोणी आणली, कोणत्या प्रसंगी लावली, ते आजीला विचारा. परवानगी घेऊन फोटो काढा, मागची बाजूही. तिथे दुकानाचा शिक्का, छापखान्याचं नाव, लग्नाची तारीख असू शकते. नाताळच्या गोठ्यातली मूर्ती कोणी रंगवली ते विचारा. हे सगळं वहीत तारखेसह लिहा. या शहरातल्या ख्रिस्ती प्रतिमांचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा. आजी सांगू शकते आहे तोवर तो लिहायला हवा.

आणि लिहिताना कर्त्याचा रकाना कोरा सोडू नये. नाव ठाऊक नसेल तर कौशल्य लिहावं : वर्ख बसवणारा, लाकूड तासणारा, चांदी ठोकणारा, डोळे उघडणारा. शतकानुशतकं ज्यांच्या नावाची नोंद झाली नाही, त्यांच्या कामाची नोंद तरी आपल्या वहीपासून होऊ द्या.